एक तुकडा, दोन बँड

"मॅडम, हे ऐका. आणि मग हे ऐका."

अजिंक्यने माझ्या टेबलावर दोन मोबाइल ठेवले. आधी डावा वाजवला. गिटार, ड्रम, आरडाओरडा आणि मधोमध एक जबरदस्त तुकडा. मग उजवा वाजवला. गाणं वेगळं, गळा वेगळा, शब्द वेगळे. मधोमध मात्र तोच तुकडा. तीन ठोके, मग एक रिकामी जागा, मग पायाखालून जमीन सरकावी तसे लागोपाठ ठोके. वरची गिटारही त्याच ठोक्यांना चिकटून चाललेली.

"पहिलं आमचं," तो म्हणाला. "दुसरं लातूरच्या टँकर बँडचं. काल नेटवर टाकलं त्यांनी."

"सारखं वाटतंय," मी म्हणाले.

"सारखं न्हाई मॅडम, तेच हाय. आणि आम्ही हे तुमच्या सरावाच्या रूमबाहेर कुठंच वाजवलेलं न्हाई. रेकॉर्डिंग फक्त पुण्याला पाठवलं."

 त्याची नजर माझ्या मिक्सरवर गेली.

"तुमच्या मिक्सरला एक पेनड्राइव्ह लावलेला असतो. त्याच्यात काय असतं?"

मला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर कान गरम झाले. सरावाचं रेकॉर्डिंग मीच टँकरला दिलं, असा त्याचा संशय होता.

मी नांदेडमध्ये साउंडचं काम करते. वडिलांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. भोंगे, दोन अॅम्प्लिफायर आणि एक टेम्पो. जयंतीचे गायनाचे कार्यक्रम, लग्नं, सभा. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून त्याच धंद्यात आले. आता लाइव्ह साउंड करते. म्हणजे स्टेजवरचा प्रत्येक माइक, प्रत्येक वाद्य मिक्सरवर घ्यायचं आणि शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचवायचं. आमच्या कामात एक गोष्ट लोकांना माहीत नसते. कॉलरला लावायचा छोटा माइक बंद करायला पाहुणे विसरतात. स्टेजवरून उतरल्यावर ते कुणाला काय बोलतात, ते सगळं माझ्या हेडफोनमध्ये येतं. वडील सांगायचे, "कानात आलं तर येऊ दे. तोंडात यायला नको." आजवर माझ्याकडून कुणाचा एक शब्द बाहेर गेलेला नाही. म्हणून सगळ्या पक्षांचे लोक मलाच बोलावतात. आणि केळीच्या बागेतून आलेला हा पोरगा मला विचारत होता, पेनड्राइव्हमध्ये काय असतं.

"मधल्या वेळात लावायची गाणी असतात," मी म्हणाले. "घेऊन जा. तपासून आण."

त्याने खरंच काढून खिशात घातला.

आता हे दोन बँड कोण, ते सांगते. माझ्या गोडाऊनवर एक खोली आहे. भिंतींना आतून ग्लासवूल, वरून वाकळा ठोकल्यात. आत ड्रमचा सेट, दोन अॅम्प, एक जुना डिजिटल मिक्सर. तासावर भाड्याने देते. ऑर्केस्ट्रावाले येतात, गायनपार्टीवाले येतात. मेटलवाले दोनच. एक नांदेडचा 'इंगळी'. त्याचा म्होरक्या अजिंक्य, इंजिनीअरिंग करून अर्धापूरला घरची केळी बघतो, गिटार वाजवतो आणि गातो. दुसरा 'टँकर'. तो लातूरचा. त्याचा म्होरक्या ओंकार बिराजदार, मूळचा निलंग्याचा, लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो.

लातूरचा बँड सरावाला नांदेडला का येतो, असं मलाही वाटायचं. ओंकारने एकदा सांगितलं. "अक्का, लातुरात खोली मिळती. पण शेजारी सगळी होस्टेलं. पोरं नीट परीक्षेचा अभ्यास करून राहिलेली. एक स्ट्रोक मारला की मालक वर येतो." बँडही टिकत नाही. क्लासला आलेल्या पोरांतला एखादा बास वाजवणारा सापडतो, सूर जुळतात, तेवढ्यात निकाल लागतो. पोरगा मेडिकलला निघून जातो, बँड फुटतो. म्हणून टँकर म्हणजे ओंकार आणि त्या वर्षी जो असेल तो. महिन्यातून दोन रविवार ते एसटीने येतात. रविवारी मी बाहेर कार्यक्रमात असते, म्हणून त्या दिवशी माझी चावी त्यांच्याकडे.

हेवी मेटल म्हणजे काय, हे मला पाहुणे विचारतात. ते म्हणतात, नुसता गोंगाट. तसं नाही. त्यात जोर दिसतो, पण आत हिशोब पक्का असतो. ड्रमरच्या पायाशी मोठा ढोल असतो, त्याला किक म्हणतात. साध्या गाण्यात तो एका पायाने वाजतो. मेटलमध्ये दोन पेडल लावून दोन्ही पायांनी, शिलाई मशीन चालवल्यासारखा. हे येणारा माणूस मिळत नाही. गिटार घरात, गादीवर बसून शिकता येते. ड्रमचा सेट कुठं ठेवणार? ठेवला तर वाजवणार कधी? आमच्या दोन जिल्ह्यांत डबल पेडल वाजवणारा माझ्या माहितीत एकच होता. विठ्ठल मडावी. किनवटकडच्या एका पाड्यावरचा, आश्रमशाळेच्या वसतिगृहात शिकलेला, इथं एका हॉस्पिटलात डायलिसिस टेक्निशियन. तो इंगळीत होता. टँकरचे ड्रम कॉम्प्युटरवर बनवलेले असतात, असं ओंकार सांगायचा.

आणि आता पुण्याचा एक नावाजलेला बँड नांदेडला येणार होता. आमच्याकडे असं पहिल्यांदाच होत होतं. त्यांच्या आधी एका लोकल बँडला चाळीस मिनिटं मिळणार होती. त्यासाठीच दोघांनी रेकॉर्डिंग पाठवलं होतं.

अजिंक्य गेल्यावर अर्ध्या तासात पुण्याहून फोन आला. आयोजक निनाद.

"मॅडम, दोन्ही बँडनी एकमेकांवर चोरीचे मेल केलेत. दोघंही तुमच्या रूमचं नाव घेतायत. साउंड तुमचाच आहे म्हणून तुम्हाला विचारतो. नक्की काय प्रकार आहे?"

"शोधते," मी म्हणाले.

"शोधा. नाहीतर आम्ही दोघांनाही नाही म्हणू. आणि साउंड पुण्याहूनच आणू. कॉन्ट्रोव्हर्सी नको आम्हाला."

त्यांचा आवाज अगदी गोड होता. मला त्या गोडीचाच संशय आला. पण आता कुणाचाही यायला लागला होता.

पहिला संशय मी जवळच्या माणसावर घेतला. जावेदभाई. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. रूमची दुसरी चावी त्यांच्याकडे असते.

"जावेदभाई, रूममध्ये सराव चालू असताना कुणी मोबाइलवर रेकॉर्ड करतं का? म्हणजे, कुणी मागितलं तर..."

ते केबल गुंडाळत होते. हात थांबला.

"माझ्यावर शक?"

"तसं नाही."

"तसंच हाय बेटा. सीधं विचार ना. तो दणदणाट मी कशाला घेऊ? घरी ऐकला तर बीवी घराबाहेर काढंल." केबलचं वेटोळं त्यांनी खाली ठेवलं. "तुझ्या वालिदनं मला कधी असं विचारलं न्हाई."

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मग मी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. दोन्ही गाणी मोबाइलवर न ऐकता रूममधल्या मॉनिटर स्पीकरवर ऐकली. मॉनिटर म्हणजे आवाज सजवून न दाखवणारा, आहे तसा दाखवणारा स्पीकर. इंगळीचं गाणं मी ओळखत होते. टँकरचं लक्ष देऊन ऐकायला लागले. चौथ्या वेळेला मला गिटारच्या मागे काहीतरी सापडलं.

आमच्यात त्याला ब्लीड म्हणतात. एका माइकसमोर गिटारचा अॅम्प आहे आणि त्याच खोलीत ड्रम वाजतोय, तर ड्रमचा आवाजही त्या माइकमध्ये शिरतो. हळू, लांबून आल्यासारखा. कॉम्प्युटरवर बनवलेला ड्रम असा शिरत नाही. तो खोलीत नसतोच. टँकरच्या गिटारमागे ड्रम शिरलेला होता. म्हणजे त्या खोलीत माणूस वाजवत होता.

आणि खोली माझीच होती. आमच्या सेटवर एक चायना सिंबल आहे, कडेला वर वळलेली थाळी. तिला मागच्या वर्षी तडा गेला. ठोका बसला की आधी झणकार येतो, मग फुटक्या ताटासारखी एक खरखर. नवी आणायची राहून गेली होती. टँकरच्या गाण्यात, त्या रिकाम्या जागेनंतर, तीच खरखर होती.

मी जावेदभाईंना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"आपलीच थाळी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि हात विठ्ठलचा."

"हात कसा ओळखला?"

"हात न्हाई, पाय. त्याचा डावा पाय जरा उशिरा पडतो. कॉम्प्युटरचा पडंल का?"

तरी मी थेट विठ्ठलकडे गेले नाही. माझ्या मनात आलं, ओंकारने त्याला फोडला असेल. विठ्ठलने इंगळीचा तुकडा नेऊन विकला असेल. आधी ओंकारचं तोंड बघावं. त्याच आठवड्यात लातूरला एका संस्थेच्या सत्काराचं साउंड माझ्याकडे होतं. कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्या क्लासवर गेले.

तो फळ्यासमोर एकटाच होता. मला पाहून त्याने डस्टर खाली ठेवला नाही.

"अक्का, तुम्ही त्यांच्याकडून आलाव का?"

"मी माझ्याकडून आले. तुमच्या गाण्यात ड्रम कुणी वाजवला?"

"प्रोग्राम केला. मीच."

"मग फाइल दाखव."

"हार्ड डिस्क उडाली."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

"ओंकार, माझी चायना फुटकी आहे. ती कॉम्प्युटरमध्ये कुठून आली?"

 फिजिक्स शिकवणारा माणूस. थाळीवरून उलटा हिशोब त्याला लगेच कळला. डस्टर ठेवून तो बाकावर बसला.

"त्यानंच सांगितलं होतं, नाव घेऊ नको," तो म्हणाला. "अजिंक्यनं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय, दुसऱ्या कुणाबरोबर वाजवायचं न्हाई. रविवारी यायचा तो. मी बोलावलं न्हवतं, स्वतः आला."

"आणि तो तुकडा?"

"तुकडा माझा हाय."

"नक्की?"

"गिटार मी बसवली ना त्याच्यावर." आवाज चढला, मग तसाच उतरला. "ठोके त्यानं वाजवून दाखवले. तोंडानं म्हणला, अशी अशी गिटार लाव. मी लावली. मग माझाच की न्हाई?"

 परतीच्या रस्त्यावर, अहमदपूरच्या पुढे, माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. अजिंक्यला विचारलं तर तोही हेच सांगेल का?

दुसऱ्या दिवशी विठ्ठलला त्याच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गाठलं. शिफ्टच्या मधली सुट्टी. अंगावर निळा गाऊन, हाताला सॅनिटायझरचा वास. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "ताई, थाळी ऐकू आली ना तुम्हाला? मला वाटलंच होतं. तुम्हाला येणार म्हणून."

"मग वाजवायची कशाला?"

"दुसरी हाय का तुमच्याकडं?"

मला हसू आलं नाही. "अजिंक्य मला चोर म्हणून गेला. पुण्याचा माणूस माझं काम काढून घेऊन राहिला. जावेदभाई माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. तू दोघांना एकच तुकडा का दिला?"

त्याने चहाचा कप बाजूला केला आणि बोटांनी टेबलावर ठोके धरले. तीन. मग थांबला. मग लागोपाठ.

"हे आमच्या गावच्या दंडारीतलं हाय. दिवाळीत नाचतात ती. नाचणारे एकदम वळतात तेव्हा ढोल थांबतो, पाय हवेत असतात. पाय टेकले की पुन्हा सुरू. मी ते दोन पेडलवर आणलं. किती महिने लागले, मला ठाऊक. सगळ्यात आधी अजिंक्यला ऐकवलं. गिटार कशी लावायची ते तोंडानं सांगितलं. तो लई खूश झाला. मग रेकॉर्डिंग झालं, त्यानं बँडच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'संगीत: अजिंक्य'. मी पाहिलं. काही बोललो न्हाई."

"का?"

"बोललो असतो तर म्हणला असता, ड्रमवाल्याचं कसलं संगीत." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मग ओंकारकडं गेलो. म्हणलं, हा शिकलेला हाय, सर हाय, बघू काय लिहितो. त्यानं तर ड्रम कॉम्प्युटरचे म्हणून लिहिलं."

"नाव नको म्हणून तूच सांगितलं होतंस ना?"

"ड्रममध्ये नको म्हणलो होतो. अजिंक्यला कळलं असतं. तुकडा कुणी केला, ते तर लिहायचं होतं. निदान मला विचारायचं होतं."

"म्हणजे तू परीक्षा घेतली दोघांची."

"परीक्षा म्हणा, सूड म्हणा. जो निवडला जाईल त्याच्यासोबत स्टेजवर मीच असणार होतो. तेवढा हिशोब मी बी केला होता, ताई. खोटं कशाला बोलू?"

मला त्याचं वाईट वाटलं आणि त्याचा रागही आला. दोन्ही एकदम. मी तिघांना शनिवारी दुपारी रूमवर बोलावलं. जावेदभाईंना म्हटलं, तुम्हीही थांबा. ते दाराशी स्टूल घेऊन बसले.

अजिंक्य आला, ओंकारला पाहिलं आणि दारातच थांबला. "ह्याला कशाला बोलावलं?"

"बस."

"मॅडम, तुम्ही ह्यांच्या बाजूच्या हाव का?"

"मी चायनाच्या बाजूची आहे. बस."

मी दोन्ही गाण्यांतली खरखर ऐकवली. मग विठ्ठलने जे मला सांगितलं तेच, तेवढ्याच शब्दांत पुन्हा सांगितलं. सांगताना अजिंक्यकडे पाहिलं नाही. 

"म्हणजे तू रविवारी ह्याच्याकडं वाजवत होतास?" अजिंक्यने विचारलं. त्याला तुकड्यापेक्षा तेच जास्त लागलं होतं. "दोन वर्षं झाली, भावासारखा वागवला तुला."

"भावाचं नाव लिहितात," विठ्ठल म्हणाला.

ओंकार मान खाली घालून बसला होता. तो हळूच म्हणाला, "मी दुरुस्त करतो. आज करतो. ड्रम आणि तुकडा, दोन्ही विठ्ठलच्या नावानं."

"तुला काय, तुला स्टेज पाहिजे!" अजिंक्य उसळला. मग विठ्ठलकडे वळला. "आणि तूच म्हणतो की हे दंडारीतलं हाय. गावचं हाय. मग तुझं तरी कसं? गावचं असंल तर चोरी कसली?"

मला वाटलं, विठ्ठल आता उठून जाईल. तो उठला नाही.

"गावचं हाय, बरोबर. गावाला विचारून मी आणलं. गावचं हाय म्हणून तुझं कसं झालं?"

  अजिंक्यने गिटार उचलली. "आम्ही कॉम्प्युटरवर वाजवू. ड्रमर नको आम्हाला." आणि माझा पेनड्राइव्ह मिक्सरवर आपटून निघून गेला.

मी निनादना फोन करून झालं ते सगळं सांगितलं.  शेवटी ठरलं की चाळीस मिनिटं दोघांत वाटायची. आधी टँकर, मग इंगळी. तुकडा कोण वाजवणार, ते विठ्ठलने ठरवायचं; त्याने अजून कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. साउंड माझ्याकडेच राहिला. "पण मॅडम, स्टेजवर काही झालं तर..." एवढं म्हणून त्यांनी वाक्य अर्धं सोडलं.

कार्यक्रम शहराबाहेरच्या एका मंगल कार्यालयात होता. थिएटरवाल्यांनी आवाजाचं कारण सांगून आधीच नाही म्हटलं होतं. ह्या मालकाने होकार दिला तो लग्नाची तारीख नव्हती म्हणून, आणि सहाच्या आत संपवायचं या अटीवर. सकाळपासून तो हॉलमध्ये उभा होता. किकची चाचणी घेतली तर वर बघून म्हणाला, "बाई, झुंबर हललं." मी म्हटलं, "पंख्याने." त्याने पंखे बंद केले आणि पुन्हा वर बघत बसला. एक हवालदारही आले. "कशाचा कार्यक्रम?" मी म्हटलं, गाण्याचा. त्यांनी पोरांचे काळे टीशर्ट पाहिले, परवानगीचा कागद उलटसुलट केला आणि दारातच खुर्ची टाकून बसले.

टँकरची साउंडचेक नीट झाली. साउंडचेक म्हणजे लोक यायच्या आधी सगळं एकदा वाजवून आवाज बसवणं. ओंकारचं गाणं, मागे विठ्ठल, आणि तुकडा जसा हवा तसा.

मग इंगळी आली. अजिंक्यने लॅपटॉप जोडला. ड्रम त्याने रात्री जागून बनवले होते. चुकीचे नव्हते. ठोका अन् ठोका जागेवर. गाणं सुरू झालं. तुकडा आला. तीन ठोके, रिकामी जागा, आणि अजिंक्यची गिटार मागे पडली. पुन्हा केलं. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा ती आधीच आली.

मला माझ्या जागेवरून कळत होतं. त्या रिकाम्या जागेत विठ्ठल अंदाजाने थांबायचा. कधी इवलंसं जास्त, कधी कमी. अजिंक्य त्याच्या खांद्याकडे बघून आत यायचा. दोन वर्षांची सवय. लॅपटॉपला खांदा नसतो.

 मिक्सरवरून बोलायला माइक असतो, तो मी बंद ठेवला.

विठ्ठल हॉलच्या मागच्या रांगेत बसून होता. अजिंक्य गिटार ठेवून खाली उतरला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ड्रमवर बसतो का?"

"नाव?"

"स्टेजवरून सांगतो. सगळ्यांसमोर."

"स्टेजवरचं वाऱ्यावर जातं," विठ्ठल म्हणाला. "जिथं लिहिलं होतं तिथंच लिही. ग्रुपवर. आणि पुण्याला."

अजिंक्यने खिशातून मोबाइल काढला. लिहायला त्याला वेळ लागला. दोनदा खोडलं. विठ्ठलने स्वतःचा मोबाइल जावेदभाईंकडे दिला. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"आलं," ते म्हणाले. "स्पेलिंग बरोबर हाय."

विठ्ठल उठला आणि स्टेजकडे गेला. गाणं पुन्हा सुरू झालं. तुकडा आला, विठ्ठलचा खांदा थांबला आणि गिटार जिथं यायला हवी तिथं आली. मी मिक्सरवर मान खाली घातली. डोळे भरले होते, ते पोरांना दिसायला नको होते.

दुपारी हॉल निम्मा भरला. आमच्याकडे ही गर्दीच. परभणीहून, उदगीरहून पोरं आली होती. टँकरमध्ये तुकडा आला तेव्हा लोक आधी चमकले. इंगळीत पुन्हा तोच आला तेव्हा त्यांना ओळख पटली आणि पुढच्या चार रांगा एकदम हवेत उडाल्या. हवालदार खुर्चीवरून उठले, पण फक्त नीट दिसावं म्हणून. मालक झुंबराखालून हलला नाही. पुण्याचा बँड शेवटी वाजला, चांगला वाजला. त्यांचा ड्रमर नंतर विठ्ठलजवळ आला. म्हणाला, तो गॅप कसा मोजतोस, एकदा दाखव ना. विठ्ठलने हसून काठ्या पिशवीत घातल्या. "पुन्हा या कधीतरी."

मग बाजूला येऊन मला म्हणाला, "हा बी घेऊन जाईल, ताई."

त्यानंतर त्याने दोन्ही बँडना एकच अट घातली. मी दोघांकडे वाजवणार, उघड. ओंकार लगेच तयार झाला. अजिंक्यला तीन आठवडे लागले. आता रविवारी दुपारी विठ्ठल माझ्या रूमवर ड्रम शिकवतो. त्याच्या हॉस्पिटलातली एक नर्सिंगची विद्यार्थिनी आणि एक मोबाइल दुरुस्त करणारा, असे दोघं नेमाने येतात. दोघांचे दोन्ही पाय पेडलवर चालायला लागलेत. विठ्ठल त्यांना सगळं शिकवतो. तो तुकडा सोडून.

अजिंक्य आणि ओंकार अजून एका टेबलावर चहा पीत नाहीत. रविवारी कोण आलं होतं, काय वाजवत होतं, हे दोघंही मला आडून विचारतात. मी सांगत नाही. जावेदभाई मला पुन्हा बेटा म्हणतात. चावी मात्र आता रोज स्वतःहून माझ्या टेबलावर ठेवून जातात.

लोक विचारतात, नांदेड-लातूरला मेटल का वाढत नाही? हॉल मिळत नाही, शेजारी ओरडतात, पोरं शिकायला बाहेर जातात. सगळं खरं आहे. पण माझ्या धंद्यातून मला जे दिसलं ते साधं आहे. ज्या गावात एकच ड्रमर असतो, तिथं भागीदारी कोणती आणि चोरी कोणती, हे कुणाला कळत नाही. प्रत्येकाला दुसरा चोर वाटतो आणि बहुतेक वेळा थोडा असतोही. आधी चार ड्रमर होऊ द्यावेत. गाणं कुणाचं, त्यावर मग निवांत भांडता येतं.